डावीकडून येणारा आवाज

कानसेनने बॉनेटला कान लावला, डोळे मिटले आणि श्वास रोखून धरला. दोन्ही हात पत्र्यावर पसरलेले, गाल गार पत्र्याला चिकटलेला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला गाडीची माया काही आवरत नाही.

"आता करा सुरू," तो तसाच वाकून म्हणाला.

"सुरूच आहे," दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुम्ही मिठी मारलीत त्याच्या आधीपासून."

कानसेन ताडकन सरळ झाला आणि मागे सरला. गाडी आपली निवांत उभी. धूर नाही, थरथर नाही, काचेच्या आत एक स्क्रीन तेवढी मंद उजळलेली. सुरू असलेली गाडी अशी उभी राहते? अहो, गाय उभी राहिली तरी रवंथ करते.

मागून वहिनी हसली आणि कुंपणावरची सगळी पाखरं भुर्रकन उडून शेजारच्या छपरावर जाऊन बसली.

वहिनी म्हणजे कानसेनची बायको. आख्खी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. तिचा आवाज हा असा, की एकदा तिने दारातून "अहो!" अशी हाक मारली, तर गल्लीतल्या सगळ्या घरांतले नवरे बाहेर येऊन उभे राहिले, आणि त्यातल्या एकाचं तर अजून लग्न व्हायचं होतं. आत्ता ती दोन्ही हातांत अंड्यांचा ट्रे धरून उभी होती, लेकरू धरावं तसा.

"अंडी कशाला आणलीत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"गाडी तपासायला," वहिनी म्हणाली. "तुम्ही दात ठोकून बघता ना? आम्ही अंडं ठेवून बघतो."

डॉक्टरबाईंना हे एकदम पटलं. बाई ठेंगण्या, चष्मेवाल्या, आणि त्यांची नजर समोरच्याच्या डोळ्यांवर कधी टिकायचीच नाही, थेट दातांवर उतरायची. कानसेन मघाशी फाटकातून आत येऊन नुसता "नमस्कार" म्हणाला, तेवढ्यात त्यांनी त्याच्या तोंडात डोकावून घेतलं होतं. "डावी दाढ त्रास देते का हो?" देत होती. पण गाडी घ्यायला आलेल्या माणसाने दाढेचं कशाला कबूल करावं?

"का विकताय?" कानसेनने विचारलं. हा प्रश्न तो प्रत्येक जुनी गाडी बघताना विचारायचा आणि उत्तर कानाने तोलायचा.

"आता वर घर, खाली दवाखाना. मध्ये जिना. जिन्यावरून ही गाडी काही चालत नाही."

"आणि घेतली कशाला होती?"

"दिवसभर लोकांच्या दातांत ते यंत्र गुरगुरत असायचं. संध्याकाळी मला गुरगुरणारं काही नको होतं." बाईंनी गाडीच्या टपावरून हात फिरवला. "बॅटरीची तब्येत कंपनीत दाखवून आणलीय, चांगली आहे म्हणाले. बसा. घाबरू नका, काही दुखणार नाही."

कानसेन हे नाव त्याला कोणा एकाने दिलेलं नव्हतं, सगळ्या गॅरेजवाल्यांनी मिळून दिलेलं. गाणारा तो तानसेन आणि ऐकणारा तो कानसेन. ट्रक वळणापलीकडे असतानाच हा सांगायचा, बेअरिंग सुकलंय, सायलेन्सर सुटलाय, आणि ड्रायव्हरचं घरी भांडण झालंय. पहिल्या दोन गोष्टी गॅरेजवाले तपासून बघायचे, तिसरी ड्रायव्हर आल्या आल्या स्वतःच सांगायचा.

आणि त्याची स्वतःची व्हॅन? ती जुनी डिझेलची व्हॅन सकाळी सुरू झाली, की आसपासची रडणारी तान्ही पोरं एकदम गप्प व्हायची. आपल्यापेक्षा मोठ्याने कोण रडतंय म्हणून बघायला लागायची. त्या व्हॅनमधून दोघं नवरा-बायको रोज अंडी पोचवायची, बेकऱ्यांना, खाणावळींना, दुकानांना. मागे चळतीने ट्रे रचलेले आणि सगळ्यांत वरचा, नाजूक मालाचा, वहिनीच्या मांडीवर. लोक म्हणायचे, यांच्याकडून अंडी घेतली की फेटायला लागत नाहीत, व्हॅनच फेटून आणते. त्या गदारोळात बोलायची सोय नव्हती. मग खुणा ठरल्या. मांडीवर एक थाप म्हणजे हळू. दोन थापा म्हणजे थांबा. कोपर मारलं म्हणजे वळण गेलं मागे, आता बसा डोकं धरून.

पण बाजारपेठेत धूर काढणारी गाडी न्यायची नाही असा नवा नियम आला आणि व्हॅन भंगारात गेली. बॅटरीवरची वापरलेली व्हॅन शोधून शोधून मिळाली नाही. ही सेडान मिळत होती. डिकी ऐसपैस, मागची सीट आडवी पडणारी. अंड्यांना काय, व्हॅन काय आणि सेडान काय.

एवढं जगाला माहीत होतं. जगाला माहीत नव्हतं ते वेगळंच.

परवा कुकर कानसेनच्या नाकासमोर शिट्ट्या मारून मारून करपला होता आणि हा शेजारी बसून पेपर वाचत होता. त्याच्या आदल्या आठवड्यात मुलगा दार ठोठावून ठोठावून शेवटी खिडकीतून आत आला होता. आत येऊन म्हणाला, "बाबा, कान दाखवून घ्या एकदा. नाहीतर असं करा, गाडीचं आता मीच बघतो. तुम्ही दोघं घरी आराम करा." आराम हा शब्द कानसेनला शिवीसारखा लागला होता. मुलाला त्याने झिडकारलं, पण मनाशी एक गोष्ट पक्की केली. कान खरंच गेले असतील, तर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. शेजारी बायको बसते. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ज्याला ऐकू येत नाही, त्याने तिला शेजारी बसवू नये.

आणि आता ही गाडी. बॉनेटला कान लावला तर आत काहीच नाही. गाडी मुकी आहे, की आपण बहिरे झालो? हे कोणाला विचारायचं?

तो चालकाच्या सीटवर बसला. वहिनी डावीकडे, मांडीवर ट्रे. डॉक्टरबाई मागे. कानसेनचा डावा पाय क्लच शोधत राहिला, डावा हात गिअर शोधत राहिला, दोघांनाही काही काम नव्हतं. त्याने बाईंनी सांगितल्याप्रमाणे हलकेच पाय दाबला.

गाडी निघाली. निघाली म्हणजे काय, घर मागे जायला लागलं. आधी दवाखान्याची पाटी गेली, मग कुंपण, मग फाटक. जसं काही कोणीतरी सगळा रस्ताच दोरीने मागे ओढून घेतंय आणि हे तिघं आपले जागच्या जागी बसलेत.

"निघालो का आपण?" वहिनी ओरडली. व्हॅनमध्ये ओरडायची तशीच.

मागच्या सीटवर डॉक्टरबाईंनी दोन्ही कान झाकले. "वहिनी, मी इथेच आहे हो."

"अगं बाई," वहिनी म्हणाली, आणि मग घाबरून कुजबुजली, "अगं बाई."

आणि मग, चूल विझल्यावर हळूहळू डोळ्यांना अंधारातलं दिसायला लागावं, तसं कानसेनच्या कानांना दिसायला लागलं. आधी टायरखालची खडी, एकेक खडा वेगळा. मग एक वाळकं पान मोडलं. मग मागे डॉक्टरबाईंनी आवंढा गिळला. स्पीडब्रेकरवरून गाडी अलगद चढली, अलगद उतरली, आणि ट्रेमधल्या दोन अंड्यांनी एकमेकांना टिक् केलं. टिक्! जन्मभर अंडी वाहिली, पण अंडं अंड्याला लागल्यावर एवढंसं बोलतं, हे त्याला आज कळलं. बाहेर रस्त्याच्या कडेला एक म्हातारा पायरीवर बसून सुपारी कातरत होता. कानसेन नंतर शपथेवर सांगायचा की गाडी पुढे गेल्यावरही त्या अडकित्त्याचा आवाज त्याला येत होता. तेवढं सोडून देऊ.

ऐकू येत होतं. सगळं ऐकू येत होतं! त्याला मुलाला फोन लावून शिवी द्यावीशी वाटली.

गाडी कालव्याच्या रस्त्याला लागली. हा रस्ता नवा, सरळ, तुळतुळीत. खडी संपली, पानं संपली. शांतता अशी पसरली की कानसेनने नकळत पाठ ताठ केली, मोठ्या माणसाच्या घरात शिरल्यासारखी. आणि त्या शांततेत, डावीकडून, त्याला तो आवाज आला.

बारीक. मधाच्या धारेसारखा. वर जायचा, थोडा थांबायचा, खाली उतरायचा. डॅशबोर्डच्या खालून येतोय की दारातून, ते कळेना. भुंगा म्हणावा तर भुंग्याला एवढी ऐट नसते. गाडी हळू केली की हळू व्हायचा, वेग आला की खुलायचा.

कानसेनच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. सापडला! आवाज नसलेल्या गाडीतला आवाजही त्याने पकडला होता.

"ऐकू आला का?" त्याने विचारलं.

"काय?" वहिनीने दचकून मान वर केली.

आवाज बंद.

"बंद झाला. आत्ता येत होता. डावीकडून."

वहिनीने कान टवकारले. तिघंही ऐकत राहिली. काही नाही. गाडी थोडी पुढे गेली, वहिनी खिडकीतून कालव्याचं पाणी बघायला लागली, आणि आवाज परत आला.

"हा! हा बघा!"

"कुठे?" वहिनी म्हणाली. आवाज पुन्हा गप्प.

"डॉक्टरबाई, तुम्हाला?"

"गाडीचा आवाज?" डॉक्टरबाई पुढे झुकल्या. त्यांनी प्रामाणिकपणे ऐकलं. "छे हो. गाडीचा कधीच काही आवाज येत नाही. आत्ताही नव्हता."

"घासल्याचा नाही. बारीक. शीळ घातल्यासारखा."

"नाही बाई."

कानसेनने गाडी कडेला घेतली. खिशातून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याची मूठ कानाच्या हाडाला लावली आणि टोक एकेका जागी टेकवून बघितलं. चाकाच्या आत, दाराच्या बिजागरीला, मोटरच्या झाकणाला. मग डॉक्टरबाईंना गाडी हळू चालवायला सांगितली आणि स्वतः शेजारून चालत, नंतर धावत निघाला, कान खिडकीकडे करून. वहिनी ट्रे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती.

"अहो, गाडी घेताय की शर्यत लावताय?" ती ओरडली. कालव्यातली बदकं पाण्याखाली गेली.

आवाज नव्हता. काही म्हणजे काही नव्हतं. टायरची सळसळ आणि त्याचा स्वतःचा धपापलेला श्वास.

"तुम्ही पुढे डावीकडे बसा," तो घाम पुसत डॉक्टरबाईंना म्हणाला. "आणि तू मागे जा गं. डाव्या दारावर एवढं वजन नको."

तसं बसून ते परत फिरले. कालव्याचा रस्ता, तोच तुळतुळीतपणा. थोडं अंतर गेलं आणि आवाज आला. पण आता पुढून नाही. मागून.

कानसेनच्या तोंडचं पाणी पळालं.

बेअरिंग वाजलं तर बेअरिंगपाशी वाजतं. पट्टा सैल झाला तर पट्ट्यापाशी. गाडीतला आवाज असा उठून मागच्या सीटवर जाऊन बसत नाही. जागा बदलतो तो डोक्यातला आवाज. त्याला त्याचा मामा आठवला. मामाची पिठाची गिरणी होती. गिरणी विकून टाकल्यावरही मामाच्या कानात ती घरघरत राहिली. जेवताना म्हणायचा, अरे, ती गिरणी कोणीतरी बंद करा रे. सगळे हसायचे. मग एक दिवस मामाच्या कानातली गिरणी थांबली, आणि तिच्याबरोबर बाहेरचं सगळं जगही थांबलं. पुढे मामाशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहून दाखवावं लागायचं.

कानसेनने पुन्हा विचारलं नाही. आवाज येत होता, वर चढत होता, वळत होता. इतका सुंदर होता की त्याला आणखीनच भीती वाटली. जाता जाता कान असं काही ऐकवतात होय माणसाला? त्याने गाडी अतिशय जपून चालवली. प्रत्येक चौकात दोनदा बघून. बायको मागे होती.

डॉक्टरबाईंच्या अंगणात येऊन गाडी थांबली. थांबली म्हणजे रस्ता मागे जायचा थांबला.

"एकसुद्धा फुटलं नाही!" वहिनी ट्रे उंच धरून उतरली. तिचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता. "तडासुद्धा नाही! अहो, बघताय काय? घ्यायची ना? डॉक्टरबाई, पाणी मिळेल का हो? आनंदाने घसा सुकला माझा."

"आत स्वयंपाकघरात माठ आहे. अंडी ओट्यावर ठेवा, घेते मी आजच्यासाठी."

वहिनी आत गेली. कानसेन स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मग उतरला, दार हळूच लावलं आणि किल्ली डॉक्टरबाईंच्या हातावर ठेवली.

"नको."

"का हो? त्या आवाजामुळे? अहो, पुन्हा कंपनीत दाखवते मी. आणि काही निघालं तर किंमत..."

"किमतीचं नाही." तो आपल्या चपलांकडे बघत म्हणाला. "गाडी चांगली आहे. लाखात एक आहे. बिघाड माझ्यात आहे. मला आता नसलेलं ऐकू यायला लागलंय."

बाईंनी चष्मा वर सारून त्याच्याकडे बघितलं. रोग्याने तोंड उघडल्यावर आधी नीट बघून घ्यायचं, ही त्यांची सवय.

"गाडी मुलगा चालवेल," कानसेन म्हणाला. "त्याला जी हवी ती घेईल तो. आम्ही आपले घरी बसू. तिला मी सांगेन नंतर. आज नको. आज ती खूश आहे."

"खूश तर असणारच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "किती छान गात होत्या."

कानसेनने मान वर केली.

"कोण?"

"वहिनी. जाताना, येताना. मी मुद्दामच मध्ये बोलले नाही, कोणी गात असलं की आपण बोलू नये. शिकल्यात का कुठे?"

"आमची ही?"

"दुसरं कोण होतं गाडीत?"

"मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आवाज नाही."

"तुम्ही गाडीचा विचारलात," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणि गाडीचा नव्हताच."

कानसेन दवाखान्याच्या पायरीवर बसला. वहिनीचा आवाज त्याला ठाऊक होता, कोणाला ठाऊक नव्हता? तिची हाक त्याने ऐकली होती, तिचं भांडण ऐकलं होतं, बाळंतपणातलं ओरडणं भिंतीपलीकडून ऐकलं होतं, भाव करणं ऐकलं होतं, घोरणंही ऐकलं होतं. घरात ती कधी गुणगुणली नव्हती. तसल्या आवाजाच्या बाईला कोणी गा म्हणत नाही, आणि तिनेही कधी तोंड उघडलं नव्हतं. मग हिला एवढं गाणं आलं कुठून? आणि एका फेरीत एवढं सहज, मान हलवल्यासारखं, आपण गातोय हे तिचं तिलाही कळू नये इतकं?

कुठे शिकली असेल, याचा तो विचार करत राहिला. दिवसातले किती तास ती अशा जागी होती, जिथे ती गायली तरी कोणालाही ऐकू आलं नसतं? अगदी शेजारी बसलेल्यालाही?

उत्तर आलं, तेव्हा त्याने हळूच डोक्यावर हात ठेवला. व्हॅनचं बेअरिंग ऐकलं होतं. वॉशर ऐकला होता. पट्ट्याला पडलेली केसाएवढी चीर ऐकली होती.

"पाणी देऊ का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"किल्ली द्या," कानसेन म्हणाला.

"म्हणजे घेताय?"

"घेतली. पण अजून एक फेरी मारून येतो. आम्ही दोघंच." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि तिला काही बोलू नका हं, पाया पडतो."

वहिनी तोंड पुसत बाहेर आली. "काय ठरलं?"

"चल, बस."

"परत? अहो, तो आवाज..."

"बस तर खरं."

ती बसली. रिकामे हात मांडीवर कुठे ठेवावे ते तिला सुचेना, शेवटी तिने एकात एक गुंतवून ठेवले. अंगण मागे गेलं, फाटक मागे गेलं. कानसेन एक शब्द बोलला नाही. तिच्याकडे बघितलंही नाही. हरणाच्या जवळ जाताना माणूस जसा मुद्दाम भलतीकडे बघतो, तसा तो समोर बघत राहिला, श्वाससुद्धा नाकातून हळू सोडत.

कालव्याचा रस्ता आला. वहिनीने डोकं मागे टेकवलं. पाणी उन्हात चमकत होतं.

आणि मग ती गायला लागली.

आधी नुसतीच लकेर. मग, गाडीने वेग घेतल्यावर, तिच्यात शब्द यायला लागले. हे शब्द मघाशी त्याला शब्द वाटलेच नव्हते. त्याने कान दिला, आणि त्याच्या अंगावर काटा आला. गाण्यात त्यांचा रोजचा रस्ता होता. एकेक दुकान, एकेक गिऱ्हाईक, ज्या क्रमाने रोज यायचं त्या क्रमाने.

*बेकरीवाल्या दादा, तुझी भट्टी तापली,*
*तुझ्या पोटाआड तुझी बायको लपली.*

कानसेनला हसू फुटलं. त्याने ते गालात दाबलं, तशी डावी दाढ ठणकली. दाढेलाही त्याने तिथेच गप्प बसवलं.

*पुलावरच्या शिपाया, तुझी मिशी वाकडी,*
*फुंक किती फुंकशील, शिट्टी तुझी लाकडी.*

कधीपासून रचत असेल ही? पुलावरचा तो मिशीवाला शिपाई तर कधीचाच बदलून गेला, आता तिथे कोणी उभंही राहत नाही. खाणावळीची म्हातारी आली गाण्यात, जी आता नव्हती. मुलगा आला, लहान असतानाचा, मागे ट्रेंच्या मध्ये झोपलेला. सगळं आख्खं आयुष्य तिने त्या धडधडाटात बसून गाऊन ठेवलं होतं, आणि हा दीड हातावर बसून इंजिन ऐकत होता. कानसेनचे डोळे भरून आले. रस्ता अंधुक झाला तसा त्याने वेग कमी केला. गाणंही हळू झालं.

*माझा माणूस चिडका, नाकावर राग,*
*मनात त्याच्या काय, लागेना माग.*

त्याचे कान तापले. आता पुढे काय येतंय कोण जाणे. स्टिअरिंग सोडून कान झाकावेत असं त्याला वाटलं, आणि जन्मात कधी ऐकलं नसेल इतकं नीट ऐकावंसंही वाटलं.

*खड्डा आला की बघतो डावीकडं जरा,*

आणि ती थांबली. दचकून सावरून बसली, जशी काही डुलकीतून जागी झाली.

"आला का हो तो आवाज?" तिने विचारलं.

"कुठला?" कानसेन म्हणाला.

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. चांगलं निरखून, अंडं उजेडाला धरून बघावं तसं. तो समोर रस्त्याकडे बघत होता. मग तिने मान वळवली, खिडकीबाहेर पाण्याकडे, आणि जिथे तोडलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं. या वेळी शब्द जरा जास्त स्वच्छ.

*अंडी बघतो म्हणतो, खोटारडा खरा.*

पुढे तुळतुळीत रस्ता संपला, खड्डा आला. कानसेनने डावीकडे बघितलं.